तक्रार नसलेल्या डोळ्यांची तपासणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या व्याख्यानासाठी आम्हांस पाचारण केले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. आम्ही काही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य खडू, फळा आणि हजेरीपट यांच्या संगतीत गेले. तथापि मधुमेहामुळे जाणारी दृष्टी आणि ती राखण्यासाठी उभा राहिलेला एक नवा व्यवसाय, हा विषय आम्ही आज हाती घेतला आहे. त्यास दोन कारणे आहेत. आपल्या ज्ञातीत मधुमेहाची गोळी रोज घेणारे कोणी नाही, असे घर आता क्वचितच आढळेल, हे पहिले कारण. दुसरे असे की, आमच्या धाकट्या बंधूंची कन्या इंग्लंडात ऑप्टोमेट्रिस्ट असून मधुमेही लोकांच्या नेत्रतपासणीच्या विशेष कामावर आहे. ती गेल्या दिवाळीत घरी आली असता तिला अनेक प्रश्न विचारून आम्ही जे समजून घेतले आणि त्यास जोड म्हणून जे वाचले, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम या व्यवसायाचे स्वरूप पाहू. डोळ्यांशी संबंध असणाऱ्या सर्वांस आपण सरसकट ‘डोळ्यांचे डॉक्टर’ म्हणतो. वस्तुतः येथे तीन भिन्न माणसे आहेत. चष्म्याची काच चौकटीत बसविणारा व चष्मा नाकाकानांस नीट लागतो की नाही हे पाहणारा, तो पहिला. औषधोपचार व शस्त्रक्रिया करणारा नेत्रवैद्य हा दुसरा. त्याने आधी वैद्यकाची पदवी घेऊन मग नेत्ररोगांचे उच्च शिक्षण घेतलेले असते. या दोहोंच्या मध्ये उभा असतो तो ऑप्टोमेट्रिस्ट. मराठीत त्यास दृष्टिपरीक्षक म्हणावे, असे आम्ही सुचवितो. दृष्टीचे मापन करणे, चष्म्याचा नंबर ठरविणे, डोळ्याच्या अंतर्भागात रोगाचे चिन्ह आहे काय हे ओळखणे आणि असल्यास योग्य वेळी नेत्रवैद्याकडे पाठविणे, हे त्याचे कार्य होय. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणारी जनरल ऑप्टिकल कौन्सिल १९५८ च्या कायद्याने अस्तित्वात आली. आपल्या देशात चेन्नईच्या शंकर नेत्रालयाशी निगडित असलेले एलीट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री १९८५ मध्ये निघाले, आणि वैद्यकास साहाय्यभूत असणाऱ्या अनेक व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली जो कायदा केला, त्यात दृष्टिपरीक्षकांचाही समावेश झाला.

आता रोगाकडे वळू. डोळ्याच्या मागील भिंतीस आतून एक अत्यंत पातळ अस्तर असते. बोलण्यात आपण त्यास डोळ्याचा पडदा म्हणतो. त्याचे शास्त्रीय नाव दृष्टिपटल. बाहेरच्या जगाचे चित्र याच पटलावर उमटते. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नेत्रांतर्दर्शक नावाचे उपकरण सिद्ध केले, तेव्हापासून वैद्यास बाहुलीच्या झरोक्यातून आत डोकावून हे पटल व त्यावरील रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येऊ लागल्या. माणसाच्या शरीरातील रक्तवाहिन्या कोठेही न कापता इतक्या स्पष्ट दिसाव्यात, अशी ही जवळजवळ एकमेव जागा आहे.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे या सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. त्यांस मोहरीहूनही कितीतरी लहान असे फुगवटे येतात, रक्ताचे ठिपके पडतात, पाझरलेला स्निग्धांश पिवळसर कणांच्या रूपाने साचतो. वाचन करणे, चेहरा ओळखणे, धान्यातील खडा टिपणे ही बारीक कामे ज्या मध्यबिंदूने होतात, त्याच ठिकाणी सूज आली तर अक्षरे पुसट होतात. अन्यत्र कित्येक वाहिन्या बुजून जातात व पटलाचा तेवढा भाग उपाशी राहतो. मग त्या भागास रक्त पोहोचविण्यासाठी शरीर नव्या वाहिन्या निर्माण करते. परंतु त्या इतक्या ठिसूळ असतात की घाईत घातलेल्या कच्च्या बांधाप्रमाणे त्या केव्हा फुटतील याचा नेम नसतो. त्या फुटल्या म्हणजे डोळ्यात रक्त उतरते, आणि पुढे व्रणाच्या ओढीने प्रत्यक्ष पडदाच भिंतीपासून सुटू शकतो.

यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एकच. हा सारा उत्पात आत चालू असता डोळा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणी येत नाही. इतकेच काय, भिंतीवरील तक्त्याची शेवटची ओळही पुष्कळदा बिनचूक वाचता येते. दोन डोळे असल्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो, तेही रोगाच्या पथ्यावर पडते. पोट दुखले की माणूस आपण होऊन वैद्याकडे जातो. येथे मात्र दुखणे बोलू लागते ते बहुधा हानी होऊन गेल्यावर.

या रोगाच्या इतिहासात एक विलक्षण उलटापालट आहे. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोचण्यात आले. तोवर अशी मुले थोड्याच काळात दगावत असत. बँटिंग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या या शोधाने त्यांस आयुष्य लाभले; परंतु आयुष्य वाढले तसा डोळ्यांवरील परिणाम घडून येण्यास अवधीही मिळाला. आधी जो रोग प्राण नेत असे, तो आता प्राण ठेवून दृष्टी नेऊ लागला. त्यावरील उपायाची कल्पना एका ग्रहणातून निघाली, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. १९४५ सालच्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या पडद्यावर भाजल्याचे व्रण जर्मन नेत्रवैद्य मायर-श्विकेराथ यांनी पाहिले, आणि जो प्रकाश पडदा भाजतो त्याच प्रकाशाने मोजून-मापून रोग भाजून काढता येईल, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातूनच पुढे लेझरचा उपचार विकसित झाला. १९७६ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने असे दाखवून दिले की, नव्या ठिसूळ वाहिन्या उत्पन्न झालेल्या डोळ्यांवर वेळीच हा उपचार केला असता दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो. अलीकडे डोळ्यात द्यावयाची इंजेक्शनेही उपलब्ध झाली आहेत. मात्र लेझर हा राखणदार आहे. जे शिल्लक आहे ते तो राखतो, गेलेले परत आणून देणे त्याच्या हाती नाही.

म्हणजे उपाय होता, उपाय करणारे होते. रोगी मात्र तक्रार नसल्यामुळे वेळेवर येत नव्हता. १९८९ साली इटलीतील सेंट व्हिन्सेंट या गावी युरोपातील राष्ट्रांचे प्रतिनिधी व वैद्य एकत्र जमले आणि मधुमेहाने येणारे नवे अंधत्व ५ वर्षांत एक तृतीयांशाने तरी कमी करावयाचे, असा संकल्प त्यांनी सोडला. संकल्प सोडणे सोपे आणि तडीस नेणे कठीण, हे आपण आपल्या मंडळाच्या ठरावांवरूनही जाणतो. इंग्लंडने मात्र २००३ पासून टप्प्याटप्प्याने एक योजना देशभर उभी केली.

ही योजना ऐकताना आम्हांस आमची शाळाच आठवली. कारण तिच्या मुळाशी आहे तो हजेरीपट. तेथील प्रत्येक नागरिकाचे नाव कोणत्या ना कोणत्या स्थानिक डॉक्टरकडे नोंदलेले असते. त्या नोंदींवरून १२ वर्षे व त्यावरील वयाच्या प्रत्येक मधुमेही व्यक्तीचे नाव नेत्रतपासणीच्या यादीत येते व तिच्या घरी टपालाने निमंत्रण जाते. तपासणीस काही मूल्य पडत नाही. प्रथम अक्षरांच्या तक्त्यावर दृष्टी मोजतात. मग डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि प्रत्येक डोळ्याची दोन छायाचित्रे घेतात. एक मध्यबिंदू मधोमध धरून, दुसरे दृष्टिमज्जेचे मुख मधोमध धरून. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते, म्हणून त्या दिवशी स्वतः वाहन चालवू नये, असे आधीच कळविलेले असते. प्रारंभी ही तपासणी सर्वांसाठी दरवर्षी होती. २०२३ च्या ऑक्टोबरपासून, ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत लागोपाठ दोन तपासण्यांत काहीही दोष आढळला नाही, त्यांना दोन वर्षांनी बोलावण्याची पद्धत तेथे सुरू झाली. मधुमेह असलेली स्त्री गर्भवती राहिली, तर तिची तपासणी अधिक वेळा होते; कारण त्या काळात हा रोग वेगाने वाढू शकतो.

आमच्या पुतणीचे काम याच्या पुढील पायरीवर आहे. घेतलेली छायाचित्रे वाचावी लागतात, आणि हे वाचन उत्तरपत्रिका तपासण्यापेक्षा कमी कष्टाचे नाही. मोठ्या पडद्यावर चित्र घेऊन, त्यातील लाल रंग वगळून पाहिले असता रक्ताचे ठिपके काळे उठून दिसतात. काही दोष नसेल तर ०, प्रारंभीचा बदल असेल तर १, वाढता असेल तर २ आणि नव्या ठिसूळ वाहिन्या दिसल्या तर ३, असे श्रेणीचे आकडे ठरलेले आहेत. मध्यबिंदूच्या दोषाची नोंद वेगळी. एकाने दोष आहे म्हटले की तेच चित्र दुसरा परीक्षक पुन्हा पाहतो. दोघांत मतभेद झाला तर वरिष्ठ निर्णय देतो. ज्यांत काही नाही असे ठरले, त्यांतीलही दहांतले एक चित्र दुसऱ्याच्या हाती जाते. शिवाय परीक्षकांचीही परीक्षा असते. ठराविक चित्रांचा एक संच त्यांस दरमहा सोडवावा लागतो व त्याचे गुण नोंदले जातात. सारे आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांस गुण देणाऱ्या आम्हांस ही शिस्त फार आवडली.

काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला असतो, त्यामुळे छायाचित्र धुक्यातून घेतल्यासारखे येते. अशांस समोर बसवून स्लिट लॅम्प नावाच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाने दृष्टिपटल प्रत्यक्ष पाहावे लागते. विशेष शिक्षण घेतलेल्या दृष्टिपरीक्षकाचे मोल येथे कळते. पुतणीने या कामातील एक हकीकत सांगितली. गुजरातेतून गेलेल्या एक वृद्ध बाई तपासणीस आल्या, त्या थोड्या रागातच. ‘मला चष्मा लावून अजून सुई ओवता येते, मग माझा दिवस कशाला फुकट घालविता?’ असा त्यांचा प्रश्न होता. आमच्या पुतणीने तोडक्यामोडक्या गुजरातीत त्यांची समजूत काढून डोळे पाहिले, तो दोन्ही डोळ्यांत नव्या वाहिन्यांचे जाळे पसरलेले. तातडीने रुग्णालयात पाठवून त्यांवर लेझरचा उपचार झाला. त्या बाई आजही सुई ओवतात. या व्यवसायाचे यश हे असे आहे. त्यात कोणास नवी दृष्टी आल्याचा चमत्कार नाही. जे होते ते तसेच राहिले, एवढाच लाभ. म्हणून त्याचे पोवाडे कोणी गात नाही.

परंतु आकडे त्याची साक्ष देतात. इंग्लंड व वेल्समध्ये काम करण्याच्या वयातील लोकांस अंधत्व येण्याच्या कारणांत मधुमेही दृष्टिपटलविकार किमान ५ दशके पहिल्या क्रमांकावर होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९९९-२००० आणि २००९-१० या दोन वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा तो प्रथमच त्या स्थानावरून खाली उतरलेला आढळला. मधुमेहावर अधिक चांगले नियंत्रण आणि ही देशव्यापी तपासणी, ही त्याची संभाव्य कारणे अभ्यासकांनी सांगितली आहेत.

एवढी उत्तम व्यवस्था असूनही तेथील कार्यकर्त्यांना एक चिंता सतावते आणि ती प्रत्येक शिक्षकास परिचित आहे. ती म्हणजे गैरहजरांची. निमंत्रण जाते, स्मरणपत्र जाते; तरी काहीजण येत नाहीत. त्यांत तरुण वयाचे आणि गरीब वस्तीतील लोक अधिक असतात. वर्गात जो मुलगा रोज येतो त्याची चिंता फारशी नसते. ज्याच्या नावापुढे फुल्यांची रांग लागते त्याच्याच घरी मास्तरांस जावे लागते. येथेही तसेच आहे. जो येतो त्याचा रोग वेळीच सापडतो. म्हणून या कामात फोन करणे, समजूत घालणे, त्यांच्या भाषेत बोलणे, हेही चित्रवाचनाइतकेच मोलाचे मानले जाते. भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांत मधुमेहाचे प्रमाण तेथील गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ अधिक असते व तो कमी वयात जडतो. त्यामुळे आपल्या भाषा जाणणाऱ्या परीक्षकाचा तेथे विशेष उपयोग होतो.

आता आपल्या देशाकडे पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०२१ मध्ये देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष होती. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षे व त्यावरील वयाच्या मधुमेहींपैकी सुमारे १७ टक्क्यांच्या दृष्टिपटलावर या रोगाची चिन्हे आढळली. अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७६ पासून आहे, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत त्याने मोठे कार्य केले. पण मोतीबिंदूचा रोगी ‘दिसत नाही हो’ म्हणत स्वतः येतो. मधुमेही मात्र आपणांस सारे दिसते म्हणून घरीच राहतो. आणि त्यास घरून बोलावून आणणारा देशव्यापी हजेरीपट आपल्याकडे नाही. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय किंवा शंकर नेत्रालय यांसारख्या संस्थांनी फिरत्या गाड्या पाठवून व दूरसंचाराच्या साहाय्याने पडद्याची छायाचित्रे वाचून मोठे काम उभे केले आहे. आता तर छायाचित्रातील रोग ओळखणारी संगणकीय यंत्रेही निघाली आहेत. यंत्राचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ते समोर आलेले चित्र वाचील. जो आलाच नाही त्याच्या दारी जाऊन कडी वाजविणार नाही.

या संदर्भात आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांचे उदाहरण सांगतो. मधुमेह होऊन त्यांस १५ वर्षे झाली होती. डॉक्टरांकडे ते नियमाने जात, रक्त तपासून घेत, गोळ्या घेत. वाचताना थोडे अंधुक वाटू लागले तेव्हा त्यांनी दुकानात जाऊन चष्म्याचा नंबर बदलून घेतला, आणि दोन वर्षांत असे तीनदा घडले. साखर वरखाली झाली की डोळ्यातील भिंगाची फुगवट बदलते व नंबर वारंवार हलतो, ही गोष्ट त्यांस कोणी सांगितली नव्हती. एके सकाळी वर्तमानपत्र वाचताना डोळ्यापुढे शाईचे धागे तरंगू लागले आणि दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यापुढे काळोख झाला. शस्त्रक्रिया झाली, एका डोळ्यात थोडी दृष्टी राहिली. आता वर्तमानपत्र नातू वाचून दाखवितो. दोष कोणाचा, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. डॉक्टरांनी साखरेचे औषध दिले, दुकानदाराने नंबर काढून दिला, सहकाऱ्यांनी पथ्य पाळले. जो तो आपापले काम करीत होता. ‘तुमचा पडदा कधी पाहिला होता?’ हा प्रश्न विचारण्याचे काम मात्र कोणाचेच नव्हते, आणि त्या फटीतून एका सज्जनाची दृष्टी निसटली.

म्हणून आमच्या ज्ञातिबांधवांस पहिली विनंती अशी की, नंबर तपासणे वेगळे आणि पडदा तपासणे वेगळे, हा भेद घरातील प्रत्येकास समजावून सांगा. डोळ्यात थेंब घालून अथवा कॅमेऱ्याने छायाचित्र घेऊन आतील पटल पाहिले असेल, तरच मधुमेहीची नेत्रतपासणी झाली. प्रौढ वयात मधुमेह निघाला तर ज्या दिवशी तो कळला, तेव्हाच पहिली तपासणी करावी. कारण तो कळण्यापूर्वी कित्येक वर्षे अंगात असू शकतो. लहानपणीच इन्शुलिन लागणाऱ्या मुलांची तपासणी केव्हा सुरू करावी हे त्यांच्या डॉक्टरांस आवर्जून विचारावे. पुढे दरवर्षी, किंवा नेत्रवैद्य सांगतील त्याप्रमाणे. साखर, रक्तदाब यांचे नियंत्रण हा पाया आहेच. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात इन्शुलिनवर असलेल्या ज्या रोग्यांनी साखर काटेकोर सांभाळली, त्यांच्यात हा विकार नव्याने उद्भवण्याचा धोका सुमारे तीन चतुर्थांशाने घटला. तथापि ‘माझी साखर ताब्यात आहे’ म्हणून तपासणी टाळणे, हे अभ्यास झाला आहे म्हणून परीक्षेस न बसण्यासारखे होय.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण ज्ञातीच्या व्यासपीठावर ती बोलली नाही तर अन्यत्र कोठे बोलावी? आपल्याकडे मधुमेह लपविला जातो. घरात उपवर मुलगा वा मुलगी असली की आईबापांचा रोगदेखील दडविला जातो. गोळीची पुडी पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून कपाटात जाते. वधूवरांच्या माहितीपत्रकात मुलाचे वेतन व घराचे क्षेत्रफळ बारकाईने पाहणारे आपण, ज्याच्यावर उपाय आहे त्या रोगाचे नाव ऐकून स्थळ मोडतो. परिणामी माणसे दूरच्या गावी जाऊन औषध घेतात, आणि डोळे दाखविण्यास गेलो तर कोणी पाहील या भयाने जातच नाहीत. ज्ञाती ही आधारासाठी असते. तिच्या नजरेच्या धाकाने कोणाची दृष्टी जात असेल, तर ती लाज रोग्याची नाही, आपणा सर्वांची आहे.

तिसरी गोष्ट घरातील स्त्रियांविषयी. यजमानांच्या तपासणीस पत्नी सोबत जाते. तिच्या स्वतःच्या तपासणीस मात्र मुहूर्त लागत नाही. थेंब घातल्यावर बरोबर कोणी तरी लागते, अर्धा दिवस मोडतो, स्वयंपाक राहतो, म्हणून ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे ती म्हणते आणि घरचेही ते मान्य करतात. ज्या घरात असे घडत असेल, तेथील कर्त्या मुलाने आईस हात धरून न्यावे.

मंडळाने काय करावे, याविषयी तीन सूचना आम्ही नम्रपणे करतो. पहिली : ज्ञातीतील मधुमेहींची नावे मंडळाने गोळा करावीत असे आम्ही म्हणत नाही, नुकतीच सांगितलेली अडचण ध्यानी घेता ते योग्यही नाही. हा हजेरीपट प्रत्येक घराने आपल्यापुरता ठेवावा. मंडळाने पुढील स्मरणिकेत एक कोरा तक्ता छापावा. त्यात नाव, मधुमेह कळल्याचे वर्ष, पडदा शेवटचा पाहिल्याची तारीख आणि पुढील तारीख एवढे चारच रकाने असावेत. १४ नोव्हेंबर हा शाळांत बालदिन म्हणून साजरा होतो. तोच इन्शुलिनच्या शोधाचे मानकरी बँटिंग यांचा जन्मदिवस असून त्या निमित्ताने जागतिक मधुमेह दिन पाळला जातो. त्या दिवशी घरातील नातवंडांनी हा तक्ता काढून आजी-आजोबांची हजेरी घ्यावी. बालकांच्या हाती हे काम सोपविले की ते चुकत नाही, हा आमचा अनुभव आहे.

दुसरी : मंडळाच्या आरोग्यशिबिरात रक्तातील साखर तपासली जाते, हे स्तुत्य आहे. त्यास पडद्याच्या छायाचित्राची जोड द्यावी. मात्र ज्यांच्या चित्रात दोष निघेल ते नेत्रवैद्याकडे पोहोचले की नाही, याची विचारपूस करणारे दोन स्वयंसेवक आधी नेमावेत आणि ही माहिती त्यांनी आपल्यापाशीच ठेवावी. पाठपुरावा नसलेले शिबिर म्हणजे गुणपत्रक न देता घेतलेली परीक्षा.

तिसरी : आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. बारावीत शास्त्र शाखा घेतलेल्या पण वैद्यकास प्रवेश न मिळाल्याने खट्टू झालेल्या मुलामुलींस दृष्टिपरीक्षकाच्या पदवीचा मार्ग कोणी दाखवीत नाही. सामान्यतः चार वर्षांचा हा अभ्यासक्रम असून त्यातील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष अनुभवाचे असते. चष्म्याच्या दुकानापुरता हा व्यवसाय मर्यादित नाही, हे आतापर्यंतच्या विवेचनावरून स्पष्ट झाले असेल. मंडळाच्या शिक्षणनिधीतून अशा एका तरी विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस साहाय्य मिळावे. तिने शिकून पुढे ज्यांचे डोळे तपासावयाचे ते आपल्याच ज्ञातीचे असतील असे नाही, आणि तसे असूही नये. पडद्याच्या छायाचित्रावर ज्ञाती लिहिलेली नसते.

दृष्टी गेल्यावर धीर देण्यास आपण सारे धावून जातो. आपल्या ज्ञातीचा हा गुण आहे आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु सर्व काही स्वच्छ दिसत असताना ‘चला, डोळे दाखवून येऊ’ असे म्हणणारा आप्त अधिक दुर्मीळ असतो. येत्या वर्षी प्रत्येक घरात असा एक आप्त निघावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.